कोणते माने?

मे महिन्यात आमचा भाचा लातूरहून नांदेडला परत आला तेव्हा त्याच्यासोबत एक गुंडाळलेली गादी, पुस्तकांची दोन खोकी आणि एक प्लास्टिकची बादली होती. नीटची परीक्षा होऊन गेली होती. पेपर कसा गेला हे कुणी विचारायचे नाही, असे बहिणीने घरात सगळ्यांना आधीच बजावले होते. परीक्षेला दोन आठवडेही उरले नसताना घरमालकाने पोराला खोली सोडायला लावली होती. उरलेले दिवस त्याने एका मित्राच्या खोलीत, सहावा माणूस म्हणून, दाराजवळ गादी टाकून काढले.

त्या रात्री जेवणे झाल्यावर टीव्हीवर ‘अशी ही बनवाबनवी’ लागला. हा सिनेमा आमच्या घरात पाठ आहे. पात्राने तोंड उघडण्याआधी वाक्य कुणीतरी म्हणून टाकते आणि मग सगळे हसतात. आम्हीही म्हणत होतो, हसत होतो. सरपोतदार मानेंना घर सोडायला सांगतात तो प्रसंग आला आणि भाचा उठून गच्चीवर गेला. कुणाच्या लक्षातही आले नाही. आमच्या आले, कारण आम्ही त्याच्या शेजारी बसलो होतो. उरलेला सिनेमा आम्ही पाहिला, पण तो काही आधी पाहिलेला सिनेमा नव्हता.

तरुण मित्रांसाठी थोडी माहिती. सिनेमा 23 सप्टेंबर 1988 ला प्रदर्शित झाला. दिग्दर्शक सचिन पिळगावकर, लेखक वसंत सबनीस. गोष्ट मुळात हृषीकेश मुखर्जींच्या 1966 च्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेली. पुण्यात चार तरुणांना राहायला जागा नाही. धनंजय माने, म्हणजे अशोक सराफ, सरपोतदारांच्या घरात भाडेकरू असतो. तिथे त्याने आणखी तिघांना घुसवले आहे हे उघडकीला येते आणि चौघेही रस्त्यावर येतात. लीलाबाई काळभोर नावाच्या विधवा बाईंकडे जागा आहे, पण त्यांची अट अशी की जागा फक्त जोडप्यांना मिळेल. मग लक्ष्मीकांत बेर्डे पार्वती होतो, सचिन सुधा होतो, आणि दोन ‘जोडपी’ त्या घरात राहायला जातात. पुढे लपवाछपवी, प्रेमप्रकरणे, खोटे डोहाळे. शेवटी सोंग उघडे पडते, लीलाबाई माफ करतात, जोड्या जुळतात.

आम्ही हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, 1991 ला. तेव्हा आम्ही दहा-अकरा वर्षांचे. वस्तीत वर्गणी काढून रात्रभरासाठी टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणला होता. विहारासमोरच्या मोकळ्या जागेत टेबलावर टेबल रचून टीव्ही ठेवला. पुढे पोरे, मागे बाया, त्यांच्या मागे बाजेवर म्हातारे. बेर्डे साडीत आला आणि वस्ती अशी हसली की पलीकडच्या गल्लीतले लोक काय झाले म्हणून पाहायला आले. आमची आजी डोळ्याला पदर लावून हसत होती. या हसण्यावर आमचा काडीचा आक्षेप नाही, हे आधीच सांगून टाकतो. ‘तो ब्राह्मणी सिनेमा आहे, पाहूच नका’ असे म्हणणारे काही मित्र आहेत. त्यांना आम्ही विचारतो, ते हसू आले कुठून? गवळणीतली मावशी पुरुषच करतो. सोंग, नाच्या, बतावणी हे सगळे तमाशाचे, आणि तमाशा कुणी जगवला हे महार-मांगांच्या पोरांना सांगायची गरज नाही. याच वसंत सबनीसांनी ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहून तो बाज पांढरपेशा प्रेक्षकांपर्यंत नेला. बेर्डेची पार्वती त्याच मावशीची धाकटी बहीण आहे. वस्ती हसली ती आपलीच चीज ओळखून हसली. तेव्हा हसणे सोडायचा प्रश्न नाही. सिनेमात जे विचारले गेले नाही, त्याचा प्रश्न आहे.

लीलाबाईंनी लग्न झाले आहे का हे विचारले. आडनाव ऐकले, माने. आणि पुढे काहीच विचारले नाही.

नांदेड-लातुरात राहिलेल्या कुणालाही विचारा, माने हे आडनाव सांगून संभाषण संपते का? तिथून ते सुरू होते. माने मराठ्यांत आहेत, आपल्यात आहेत, इतरांतही आहेत. म्हणून पुढचा प्रश्न ठरलेला, “कोणते माने?” मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला. मग “नॉनव्हेज करता का?” मग “यांना विचारून सांगते.” मग फोन उचलला जात नाही. मुंबई-पुण्याचे लोक धनंजय मानेंचा पत्ता विचारणाऱ्या त्या प्रसिद्ध प्रश्नावर टी-शर्ट छापतात, मीम करतात. आमच्या मराठवाड्यात तो प्रश्न पुरा होण्याआधीच उलटा प्रश्न येतो. सगळा सिनेमा जागेच्या टंचाईवर उभा आहे, घरमालकांच्या लहरीवर उभा आहे, आणि त्यात घरमालकाचा सर्वात जुना, सर्वात नेमाने विचारला जाणारा प्रश्न तेवढा नाही.

भाच्याचे काय झाले ते सांगतो. त्याच्या वडिलांचे आडनावही असेच, दोन्हीकडे चालणारे. खोली पाहायला गेला तेव्हा मालकीणबाईंनी विचारले, “आडनाव कळलं, पण कोणते म्हणायचे तुम्ही?” पोरगा म्हणाला, “औशाकडचे.” बाई म्हणाल्या, “बरं बरं.” झाले. सहा महिने तो तिथे राहिला. भाडे वेळेवर, आवाज नाही, मित्र नाहीत, पोरगा दिवसभर क्लासमध्ये आणि रात्री पुस्तकात. बाबासाहेबांचा फोटो त्याने पेटीत, कपड्यांच्या खाली ठेवला होता. हे त्याने आम्हाला गच्चीवर सांगितले, आणि सांगताना आमच्याकडे पाहिले नाही. 14 एप्रिलला मात्र तो मिरवणुकीत गेला. गुलाल, निळा झेंडा, डीजेसमोर नाचतानाचा फोटो, आणि तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला. लाइटबिलासाठी मालकाच्या मुलाचा नंबर सेव्ह होता. आठवड्याच्या आत निरोप आला, घरात लग्न निघाले आहे, पाहुणे यायचेत, खोली लागते आहे. डिपॉझिटमधून एका महिन्याचे भाडे कापून घेतले. लग्न झाले नाही. चार दिवसांनी गेटवर ‘रूम भाड्याने देणे आहे’ची पाटी पुन्हा लागली, नंबर तोच.

“मामा, मी खोटं नाही बोललो,” असे तो दोनदा म्हणाला. त्याचे सगळे दुःख त्या एका गोष्टीवर अडकले होते, की आपण लबाडी केली असे त्या बाईंना वाटले असेल. सतरा-अठरा वर्षांच्या पोराला आपल्याला घराबाहेर काढणाऱ्या माणसांसमोर आपण प्रामाणिक होतो हे सिद्ध करावेसे वाटते! खाली टीव्हीवर तेव्हा चार गडी एका म्हाताऱ्या बाईला दिवसाढवळ्या फसवत होते आणि अवघा महाराष्ट्र छत्तीस वर्षे त्यांच्यावर जीव टाकत होता.

आता एक योगायोग पाहा. सिनेमा प्रदर्शित झाला 23 सप्टेंबरला. आपण 23 सप्टेंबर कशासाठी पाळतो? संकल्प दिनासाठी. 1917 चा सप्टेंबर. परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीला जातात आणि त्यांना राहायला जागा मिळत नाही. हिंदू हॉटेलात घेणार नाहीत हे माहीत होते. ते एका पारशी धर्मशाळेत गेले. तिथे फक्त पारशांना प्रवेश. व्यवस्थापकाला भाड्याची गरज होती आणि यांना छताची. मग नोंदवहीत पारशी नाव घातले गेले. रोजचे दीड रुपया भाडे. वरच्या मजल्यावर एक अंधारा हॉल, मोडक्या सामानाने भरलेला, आणि त्यात एकटे बाबासाहेब, पुस्तकात डोके घालून. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले. त्यांनी संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करण्याची ताकीद दिली. बाबासाहेबांनी ओळखीच्या दोघांना जागा मागितली, एक हिंदू, एक ख्रिस्ती. एकाला आपले नोकर निघून जातील अशी भीती, दुसऱ्याला बायकोला विचारायचे होते. तेही “विचारून सांगतो” या जातीचेच उत्तर. रात्रीच्या गाडीची वाट पाहत ते कामाठी बागेत बसून राहिले. हे कुणा भक्ताने रंगवून सांगितलेले नाही, त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवले आहे.

गोष्ट तीच आहे. जागेसाठी घेतलेले खोटे नाव, धास्तीत काढलेले दिवस, उघडे पडणे. बडोद्यात शेवटी लीलाबाई नव्हत्या, काठ्या होत्या.

आणि मराठी साहित्याला ही गोष्ट माहीत नव्हती असेही नाही. बाबुराव बागूलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह 1963 चा. शीर्षककथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीवर परमुलुखात जातो, जात न सांगता खोली घेतो, लोक त्याला मान देतात, आणि जात कळल्यावर तीच माणसे त्याला मारतात. हा संग्रह आला आणि मराठी कथेला हादरा बसला. त्यानंतर पंचवीस वर्षांनी त्याच भाषेत ‘घरासाठी सोंग’ हा विषय पडद्यावर येतो, तेव्हा त्यातली जात कुणीतरी धुऊन काढलेली असते. लिंगबदल चालतो, जातबदलाला जागा नसते. पुरुषाने बाईचे सोंग घेतले तर ती बनवाबनवी, आपल्या माणसाने नुसते तोंड मिटून ठेवले तरी ती जातचोरी. शब्दच बघा ना. एकात गंमत आहे, दुसऱ्यात पोलीस ठाणे आहे.

“विनोदी सिनेमात कशाला जात शोधता? चार घटका मजा करा की.” हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकले असेल! ते म्हणणारे आमचे मित्रच असतात, चांगली माणसे असतात. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे, की आम्ही जात शोधायला गेलो नव्हतो. आम्ही घर शोधायला गेलो होतो. जात तिथे आधीच बसलेली होती, दारातल्या खुर्चीवर. ‘जुने दिवस किती निरागस होते’ असे ज्यांना हा सिनेमा पाहून वाटते, त्यांनी ते दिवस कुणाचे होते हेही सांगावे.

कारण 1988 चे आमचे दिवस आम्हाला आठवतात. त्या वर्षाची सुरुवात ‘रिडल्स’च्या वादाने झाली होती. सरकारने छापलेल्या बाबासाहेबांच्या खंडाविरुद्ध मोर्चे, आणि फेब्रुवारीत त्याला उत्तर देणारा आपल्या लोकांचा मुंबईतला विराट मोर्चा. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात मंजूर होऊन दहा वर्षे झाली होती आणि नाव काही बदलले नव्हते. 1978 ला ठराव झाल्यावर आमच्या नांदेड जिल्ह्यात काय झाले? घरे जळाली. टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना मारले. गावे सोडून लोक शहराच्या कडेला येऊन राहिले, आणि आज ज्यांना आपण नांदेडच्या वस्त्या म्हणतो त्यांतल्या कित्येक खोल्या तेव्हाच्या पत्र्यांवर उभ्या राहिल्या. आमच्या आजीचे घर त्यांतलेच. तीच आजी जी बेर्डेला पाहून हसत होती. ‘घर नाही’ म्हणजे काय, हे तिला सरपोतदारांनी शिकवायची गरज नव्हती.

(पुढचेही सांगून टाकतो. 25 नोव्हेंबर 1993 ला गौतम वाघमारेंनी इथे नांदेडात नामांतरासाठी स्वतःला पेटवून घेतले. 14 जानेवारी 1994 ला नामांतराऐवजी नामविस्तार मिळाला. आणि त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडला वेगळे विद्यापीठ झाले, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे. ज्या जिल्ह्याने नावासाठी प्राण दिले त्या जिल्ह्यातल्या पोरांच्या पदवीवर ते नाव येणार नाही, अशी ती व्यवस्था. बनवाबनवी म्हणावी तर ही.)

लातूरचेही एक घराचेच उदाहरण. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. एका रात्रीत वाडा आणि झोपडी एकाच ढिगाऱ्याखाली गेली. निसर्गाने गावकूस पुसून टाकले होते. सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून लातूर-उस्मानाबादची 52 गावे नव्या जागी वसवायला घेतली, पाटी कोरी होती. मग कोरी पाटी कशी भरली? घराचे आकारमान जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला 250 चौरस फूट. सात हेक्टरपर्यंत 400. त्याहून जास्त जमीन असेल त्याला 750. माणसे किती, म्हातारे किती, लेकरे किती हा हिशेब त्यात दुय्यम. मराठवाड्यात भूमिहीन कोण आहे हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात जातीचा रकाना वेगळा दाखवावा लागत नाही. कुणी आडनाव विचारले नाही, आणि तरी प्रत्येकाला आपल्या मापाचे घर मिळाले.

आता आपल्याकडे वळतो, आणि इथे काही वाचक आमच्यावर रागावतील. रागवा.

भाच्याला घर नाकारणाऱ्या बाईंवर बोट ठेवताना आम्हाला आमच्याच वस्तीतली एक गोष्ट आठवली. वस्तीत आता दोनमजली घरे झाली आहेत, नोकरदार आहेत, वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवतात. तीन वर्षांपूर्वी देगलूर तालुक्यातले एक कुटुंब खोली पाहायला आले होते. नवरा मिस्त्रीकाम करणारा, दोन लेकरे. घरमालक आपलाच, जयंतीच्या समितीत असणारा. त्याने नाव विचारले. त्यांनी सांगितले, कांबळे. याने विचारले, “कोणते कांबळे?” ते म्हणाले, मातंग. खोली मिळाली नाही. पोचिराम कांबळे कोणते कांबळे होते, हे त्या घरमालकाला माहीत आहे. दरवर्षी नामविस्तार दिनाच्या भाषणात तो त्यांचे नाव घेतो. मातंग समाजातल्या त्या माणसाने जयभीमसाठी जीव दिला, आणि आपण त्याच्या भाऊबंदाला वरचा मजला देत नाही. मुसलमानांना तर नांदेडसारख्या शहरातही कॉलन्यांमध्ये खोली मिळणे किती अवघड आहे ते आपण रोज पाहतो, आणि आपल्यातले किती घरमालक त्याला अपवाद आहेत ते मनाशी मोजून पाहा. आम्ही त्या मिस्त्रीच्या वेळी गप्प बसलो होतो. समितीत भांडण नको म्हणून. तेही इथे लिहून ठेवतो.

आणखी एक सोंग आहे, साहेबांचे. प्लॉट घेतला सवर्णांच्या कॉलनीत, दारावर पाटी फक्त नावाची आणि पदवीची. बुद्धमूर्ती शोकेसमध्ये आहे, कारण ती शोभेचीही असते. बाबासाहेब मात्र आतल्या खोलीत, देवघराच्या दाराइतकाच बंद दरवाजा. आम्ही या माणसांना हिणवत नाही. एकट्याने शेजार सांभाळणे सोपे नसते, आणि 2023 च्या जूनमध्ये आपल्या नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत भीमजयंतीवरून अक्षय भालेरावचा खून झाला, तेव्हा भीती खोटी आहे असे कुणी म्हणू नये. पण त्यांची मुले घरात ‘बनवाबनवी’ पाहून हसताना बाप कशाला हसतो, हे कधी त्यांना विचारावेसे वाटते.

कायदा काय म्हणतो? लोक म्हणतात, खासगी घर आहे, मालकाची मर्जी. इतके सरळ नाही. 1955 चा नागरी हक्क संरक्षण कायदा उघडून कलम 4 वाचा. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहती जागा बांधायला, घ्यायला किंवा तिथे राहायला आडकाठी करणे हा गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड 100 ते 500 रुपये. सरपोतदारांचे सत्तर रुपये आठवावेत असा हा दंड! पण गुन्हा आहे. अडचण पुराव्याची आहे. कुणीही तोंडाने जात काढत नाही. लग्न निघते, पाहुणे येतात, खोलीला रंग द्यायचा असतो. आपल्या सुखदेव थोरातांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध केला. सारखीच नोकरी, सारखाच पगार, फक्त नावे वेगळी, असे गिऱ्हाईक उभे करून त्यांनी पाहिले. वरच्या जातीच्या नावाला दार उघडे, दलित नावाला नकार, मुस्लिम नावाला त्याहून जास्त नकार. नांदेड-लातुरात असे मोजमाप कुणी करेल तर आम्ही सोबत आहोत. आणि न्यायालयाच्या भरवशावर किती राहायचे? 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीचा ‘सभासद फक्त पारशी’ हा नियम वैध ठरवला. बडोद्याच्या धर्मशाळेचा नियम, अठ्ठ्याऐंशी वर्षांनी, कोर्टाच्या शिक्क्यासह.

सरकार म्हणते, स्वाधार योजना आहे ना. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आपल्या विद्यार्थ्याला राहण्या-जेवण्याचे पैसे मिळतात. चांगली योजना आहे, ती मिळवण्यासाठी लढणाऱ्या पोरांना सलाम. पण पैसे खात्यात जमा होतात, खोली जमा होत नाही. पैसे हातात असलेला आपला विद्यार्थी पुन्हा त्याच गेटपाशी उभा राहतो आणि पुन्हा तोच प्रश्न ऐकतो. योजनेने वसतिगृहाच्या इमारतीचे ओझे सरकारच्या डोक्यावरून काढले आणि पोराला लीलाबाईंच्या दारात सोडून दिले.

बाबासाहेबांनी बडोद्यानंतर काय केले, हे बघावे लागते. बहिष्कृत हितकारिणी सभेने हाती घेतलेल्या पहिल्या कामांत एक वसतिगृह होते. सोलापूरला, 1925 च्या जानेवारीत. इथून, लातूरहून, दोन-अडीच तासांवर. 1950 ला औरंगाबादला कॉलेज काढले, त्याच्याही सोबत वसतिगृह आले. मराठवाड्यातल्या कुठल्याकुठल्या खेड्यातून आलेली पोरे त्या नागसेनवनात राहिली, शिकली, आणि त्यांना कुणी “कोणते?” म्हणून विचारले नाही. ज्या माणसाने खोटे नाव लिहून अकरा दिवस काढले होते, त्याला पुढच्या पोरांवर ती वेळ येऊ द्यायची नव्हती. घरमालकाचे मन बदलेल तेव्हा बदलेल, तोवर पोरांनी राहायचे कुठे, याचे उत्तर त्याने विटांत दिले.

आमचा भाचा पुन्हा परीक्षा देणार आहे. जूनमध्ये त्याला लातूरला जायचे आहे. या वेळी फोटो पेटीत ठेवणार नाही म्हणतो, आणि त्यामुळे खोली मिळत नाहीये. त्याच्यासारखी शेकडो पोरे जूनच्या पहिल्या आठवड्यात नांदेड-लातुरात क्लासेसच्या आजूबाजूच्या गल्ल्यांतून फिरतील. आमची लातूर आणि नांदेडच्या प्रत्येक जयंती समितीला विनंती आहे. डीजेच्या बिलातून उरलेला हिशेब झाला असेल, तर आता एक वही घ्या आणि आपल्या वस्त्यांत, आपल्या नोकरदारांच्या घरांत वरच्या मजल्यावर किती खोल्या रिकाम्या आहेत ते घरोघर जाऊन लिहा. विहाराच्या सभागृहात जून-जुलै हे दोन महिने दहा पोरांच्या गाद्या पडू शकतात का, ते बैठकीत ठरवा. ज्याला खोली नाकारली गेली त्याने तारीख, वेळ, संभाषण आणि नंतर लागलेल्या पाटीचा फोटो जपून ठेवावा आणि आमच्याकडे यावे. कलम 4 खाली पहिली तक्रार करायला वकील मित्र तयार आहेत. आणि वहीत खोली देणाऱ्यांची नावे लिहिताना समोर रकाना एकच ठेवा, खोली किती. भाडेकरू कोण चालेल, हा रकाना ठेवू नका. देगलूरच्या त्या मिस्त्रीचा नंबर आमच्याकडे अजून आहे.

जयभीम.